एनआयएच स्ट्रोक स्केल : खाटेशेजारचा अनुभव

सीटी आणि एमआरआयच्या काळातही पक्षाघाताची तीव्रता ठरवण्यासाठी मला रोज लागणारे साधन म्हणजे घड्याळ, टाचणी आणि चार छापील पाने. त्या पानांवर असते एनआयएच (अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्था) स्ट्रोक स्केल, म्हणजे पक्षाघाताची तीव्रता गुणांत मोजणारी तपासणी. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे स्केल मोफत मिळते आणि हात बसला की दहा मिनिटांच्या आत पूर्ण होते. शून्य ते ४२ असे गुण असून ते जितके अधिक तितकी अवस्था गंभीर; त्यामुळे ‘गुण आला का?’ असे नातेवाईक आशेने विचारतात तेव्हा उत्तर जरा जपून द्यावे लागते.

याची खरी ताकद शिस्तीत आहे. आडव्या रुग्णाचा हात ४५ अंशांवर धरून मोठ्याने दहापर्यंत मोजायचे. हात स्थिर राहिला तर शून्य, झुकला पण गादीला टेकला नाही तर एक, उचलण्याची धडपड आहे पण तो टिकत नाही तर दोन, नुसताच कोसळला तर तीन आणि हालचालच नसेल तर चार. पायाला ३० अंश आणि पाच सेकंद. आपल्याला काय वाटते ते नव्हे, तर जे दिसले तेच लिहायचे असल्यामुळे रात्रपाळीच्या डॉक्टरने लिहिलेला आकडा सकाळी ताडून पाहता येतो आणि त्यात चार किंवा अधिक गुणांची वाढ दिसली, तर पुन्हा सीटी करण्याबाबत वाद उरत नाही.

भाषेचा भाग मात्र अमेरिकेतून जसाच्या तसा आलेला आहे. ‘हकलबेरी’ आणि ‘बेसबॉल प्लेयर’ हे शब्द आमच्या रुग्णांकडून म्हणवून घेण्यात अर्थ नसल्याने आम्ही मराठी शब्द वापरतो. चित्रे दाखवून वस्तूंची नावेही विचारायची असतात; त्यातल्या हॅमॉकला (टांगलेल्या झोपाळ्याला) एका आजींनी ‘झोळी’ म्हटले, ते मी बरोबर धरले. स्वयंपाकघराच्या चित्रात पाणी वाहताना पाहून ‘आधी नळ बंद करा’ असे सांगणाऱ्या बाईंच्या आकलनाबद्दलही शंका उरत नाही. रुग्णाला चालू महिना आणि वय विचारायचे असते; त्यातला वयाचा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. पूर्ण शुद्धीवर असलेल्या एका आजोबांनी महिना ‘आखाड’ सांगितला, तो बरोबरच होता. पण वय ‘सत्तरीच्या पुढं असंल’ म्हणाले आणि अंदाजे उत्तराला सूट नसल्याने एक गुण लावावा लागला. तो मेंदूच्या इजेचा नव्हता, जन्मतारखेच्या नोंदीचा होता.

गुणांची वाटणीही समतोल नाही. ४२ पैकी सात गुण थेट भाषेशी निगडित आहेत, तर एका बाजूचे भान हरपण्याला जेमतेम दोन. सर्वांत मोठी उणीव मेंदूच्या मागच्या भागाबाबत आहे. गिळणे आणि चालणे यांना एकही गुण नाही. तोल तपासला जातो तो बोट नाकाला आणि टाच नडगीला लावून, म्हणजे केवळ हातापायांचा. भोवळ आणि उलट्या घेऊन आलेल्या एका बाईंच्या केसपेपरवर शून्य गुण लिहिलेले होते आणि ते नियमाप्रमाणे अचूक होते. परंतु उठवून बसवताच त्या एका अंगावर कलंडल्या. एमआरआयमध्ये लहान मेंदूचा पक्षाघात दिसला. तेव्हापासून अवस्था परवानगी देत असेल तर गुणांखाली एक ओळ मी हाताने लिहितो : ‘आधाराशिवाय बसतात का? चार पावले चालतात का?’