हृदयविकाराच्या प्रथमोपचाराचा वर्ग : हात तयार होतात, नजर कच्ची राहते

पुण्यातील एक खासगी संस्था गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये अर्ध्या दिवसाचा प्रथमोपचार वर्ग घेते आणि तो आमच्या सोसायटीत नुकताच झाला. सीपीआरचे, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे, शिक्षण येथे उत्तम मिळते. पुतळे पुरेसे होते. दाब योग्य खोलीपर्यंत गेला की त्यांतून ‘टक्’ असा आवाज येई. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहणे किती दमवणारे असते आणि दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा, हे सांगण्याआधीच दंडांना कळते. शिक्षिकांनी प्रत्येकाचे वाकलेले कोपर स्वतः सरळ करून दिले. ज्यांना गुडघे टेकून बसता येत नाही अशा ज्येष्ठांनाही त्यांनी बाजूला बसवून ठेवले नाही. १०८ ला फोन करून पत्ता नेमका सांगण्याचा सराव त्यांच्याकडून करून घेतला.

उणीव आहे ती झटका ओळखण्याच्या भागात. रुग्ण बेशुद्ध असेल आणि त्याचा श्वास थांबला असेल किंवा नुसती धाप लागल्यासारखा तुटक चालत असेल, तरच सीपीआर द्यायचा असतो. हृदयविकाराचा झटका आलेला माणूस मात्र बहुधा शुद्धीवर असतो, बोलत असतो आणि ‘ॲसिडिटी आहे, सोडा घेतो’ म्हणून घरच्यांनाच गप्प करत असतो. छातीवर ओझे ठेवल्यासारखी वेदना, ती डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत पसरणे, थंड घाम, मळमळ आणि धाप ही लक्षणे भराभर वाचून दाखवली गेली. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीत न दुखताही नुसता थकवा किंवा धाप एवढेच दिसू शकते, हे तर कोणीतरी विचारले म्हणून सांगितले गेले.

रुग्णाला पाठीला आधार देऊन अर्धवट बसवावे, जिना उतरवू नये आणि त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नये, हे हातात दिलेल्या पत्रकात स्पष्ट आहे. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर सुमारे ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्यावी, हेही त्यात आहे. मात्र सॉर्बिट्रेट या हृदयविकाराच्या वेदनेवर जिभेखाली ठेवायच्या गोळीने रक्तदाब घसरू शकतो आणि म्हणून ती शेजाऱ्याच्या डबीतून काढून देऊ नये, हा इशारा पत्रकात हवा होता; आपल्याकडे जिभेखाली गोळी ठेवण्याची घाई फार. शिवाय जवळच्या कोणत्या रुग्णालयात चोवीस तास अँजिओप्लास्टी होते, याची यादी आयोजकांनी आधीच करून आणली असती, तर वर्गाचा उपयोग दुप्पट झाला असता.

शुल्क माफक आहे आणि सीपीआर शिकण्यासाठी मी हा वर्ग निःशंकपणे सुचवीन. मात्र नोंदणी करतानाच लक्षणे ओळखण्यासाठी किमान एक तास राखून ठेवण्यास सांगावे. संस्था वेळापत्रकात तेवढा बदल करून देते.