डॉक्टरांना समक्ष भेटावं की व्हिडिओवर? निवड आणि दोन्हींची तयारी

फॅमिली डॉक्टरांची वेळ घेताना ‘येणार की व्हिडिओवर बोलणार?’ असं आता अनेक दवाखान्यांत विचारतात, आणि आपण बहुधा सवड बघून उत्तर देतो. सवड महत्त्वाची आहेच. पण त्याआधी तक्रारीकडे बघावं. तिचा उलगडा डॉक्टर ऐकून करणार आहेत, की हात लावून?

ऐकून पुष्कळ कळतं. ब्रिटनमध्ये १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रुग्णांपैकी ६६ जणांचं निदान आधीच्या डॉक्टरांचं पत्र वाचून आणि रुग्णाची हकिकत ऐकून झालं होतं, आणि शेवटी तेच बरोबर निघालं. शारीरिक तपासणीचा उपयोग ७ जणांत झाला, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचा आणखी ७ जणांत. तेव्हा व्हिडिओवरचं बोलणं म्हणजे वरवरचा उपचार, ही समजूत चुकीची आहे. पण आपली तक्रार त्या उरलेल्या १४ जणांसारखी असेल तर व्हिडिओ कमी पडतो, आणि अशा तक्रारी बऱ्यापैकी आधी ओळखता येतात.

यांत वेळ घेतच बसू नये

छातीत दाब किंवा कळ, वाक्य पुरं करता येणार नाही इतका दम, अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूच्या हातापायातली शक्ती जाणं, जीभ अडखळणं, पूर्वी कधीच नव्हती अशी एकाएकी उठलेली डोकेदुखी, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, शुद्ध हरपणं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त ताप असेल तर तोही याच यादीत. इथे थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठायचा. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली असेल, तर गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. फॅमिली डॉक्टरांच्या फोनची वाट बघण्यात त्यातला वेळ घालवू नये.

जिथे समक्षच जावं

पोटदुखी हे सगळ्यात स्पष्ट उदाहरण. पोट कुठे कडक लागतं, दाबल्यावर दुखतं की दाबलेला हात सोडल्यावर कळ येते, यावरून अपेंडिक्ससारख्या दुखण्याची शंका घेतली जाते. व्हिडिओवर रुग्णाला स्वतःचं पोट दाबायला सांगता येतं, पण दुखऱ्या जागी माणूस स्वतः पुरेसं दाबतच नाही. पोटदुखी काही तासांहून अधिक टिकली, एका जागी सरकून स्थिर झाली किंवा सोबत ताप आला, तर जायलाच हवं.

कानाचं तसंच. पडदा लाल झालाय, फुगलाय की फक्त मळ साचलाय, हे आत उजेड टाकून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. नवीन गाठ बोटांना हलते की चिकटून बसली आहे हे चाचपूनच कळतं. खोकल्यासोबत ताप आणि धाप असेल तर छातीला स्टेथोस्कोप लावावा लागतो. उठल्यावर चक्कर येत असेल तर आडवं असतानाचा रक्तदाब आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी घेतलेला रक्तदाब यांतला फरक बघतात. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर चक्कर येण्याचं कारण बहुधा हाती लागतं. हे घरी एकट्याने करणं धोक्याचं, कारण माणूस पडू शकतो.

लघवीला जळजळ ही तक्रार मात्र फसवी आहे. इतर बाबतीत निरोगी असलेल्या तरुण स्त्रीला फक्त जळजळ असेल, तर व्हिडिओवर बोलून नमुना देणं बऱ्याचदा पुरतं. तीच जळजळ ताप, थंडी किंवा कमरेच्या वर एका बाजूला दुखणं घेऊन आली, किंवा रुग्ण गरोदर स्त्री, पुरुष अथवा लहान मूल असेल, तर समक्ष भेट हवी. तिथे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शक्यता तपासावी लागते.

जिथे व्हिडिओ पुरतो, कधी सरसही ठरतो

रिपोर्टवर चर्चा, स्थिर असलेल्या रक्तदाबाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या पुढे चालू ठेवणं, नव्या औषधाचा त्रास, झोप, चिंता, उदासी: इथे प्रवास आणि प्रतीक्षा टाळण्यात काहीही गमवावं लागत नाही. कांजिण्यांची शंका असेल तर दवाखान्यातल्या गर्दीत न बसणंच इतरांच्या हिताचं. आणखी एक फायदा फारसा कोणी सांगत नाही: घरातलं औषधांचं कपाट कॅमेऱ्यासमोर उघडता येतं. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा घेतलं जातंय, हे कधीकधी तिथेच सापडतं. दूर राहणारा मुलगा किंवा मुलगीही त्याच कॉलमध्ये येऊ शकते.

अंगावर उठून तासाभरात मावळणारी पित्ताची गांधी दवाखान्यात पोचेपर्यंत दिसेनाशी होते. अशा वेळी घरी वेळेवर काढलेला फोटो समक्ष भेटीपेक्षा जास्त सांगतो.

पण जुन्या आजारातही सगळंच व्हिडिओवर नेणं चूक आहे. मधुमेहात वर्षातून एकदा तरी पाय तपासायचे असतात. डॉक्टर तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवून संवेदना बघतात, कारण बधिर झालेल्या तळव्याला जखम झाली तरी ती रुग्णाला कळत नाही. म्हणून आमचं मत असं: नवी तक्रार असेल किंवा डॉक्टर नवे असतील तर पहिली भेट समक्ष, रिपोर्ट आणि पुढचा पाठपुरावा व्हिडिओवर, आणि तरीही वर्षातून एकदा दवाखान्यात चक्कर. शंका असेल तर वेळ घेतानाच एका वाक्यात तक्रार सांगावी आणि ‘यासाठी तपासावं लागेल का?’ असं विचारावं. नाहीतर व्हिडिओच्या शेवटी ‘येऊन जा’ ऐकायला मिळतं आणि दोन्ही वेळा खर्ची पडतात.

दोन्हींकडे लागणारी तयारी

एक कागद पुरे. सगळ्यात वर मुख्य तक्रार एका वाक्यात: काय, कधीपासून, वाढतंय की कमी होतंय. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर रुग्णाचं पहिलं बोलणं सरासरी १८ सेकंदांत थांबवत असल्याचं आढळलं होतं. म्हणून सर्दीपासून सुरुवात करून शेवटी, दाराशी उभं राहून, ‘शौचातून रक्तही जातंय’ असं सांगण्याची चूक करू नये. ज्याची भीती वाटते ते पहिलं सांगावं. तीन-चार तक्रारी असतील तर तेही आरंभीच बोलून टाकावं, म्हणजे आज कोणती आणि पुढच्या वेळी कोणती हे दोघांना मिळून ठरवता येतं.

त्याखाली औषधं: नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. ‘ती पांढरी छोटी गोळी’ यावरून काहीच ओळखता येत नाही, त्यामुळे पाकिटंच सोबत न्यावीत. दुकानातून आपणहून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, काढे, चूर्णं, जीवनसत्त्वं हेही लिहावं. आयब्युप्रोफेनसारखी गोळी रक्तदाब वाढवते, आणि रक्तदाबाच्या काही औषधांसोबत मूत्रपिंडावर ताण आणते. केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकतात.

समक्ष जाताना

बाही सहज वर जाईल असे कपडे घालावेत, कारण रक्तदाब उघड्या दंडावरच मोजायचा असतो. रोजच्या गोळ्या, डॉक्टरांनी थांबवायला सांगितलं नसेल तर, नेहमीप्रमाणे घ्याव्यात. रक्त उपाशीपोटी द्यायचं असेल तर ८ ते १२ तास फक्त पाणी चालतं. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचं का, हे आधी विचारून ठेवावं. उपाशी पोटी घेतल्यास साखर धोकादायक उतरू शकते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीला उपाशी राहायची गरज नसते.

लघवीचा नमुना द्यायचा असेल तर तो आधी द्यावा आणि मग रक्तदाब मोजून घ्यावा. भरलेल्या मूत्राशयाने आकडा वर जातो. दुखऱ्या कानात तेल घालू नये. आतलं काही दिसत नाही. पुरळावर उगाच मलम लावू नये, विशेषतः स्टेरॉइडचं: गजकर्णाचं रूपच त्याने बदलतं आणि निदान चुकतं. ताप मात्र डॉक्टरांना ‘दिसावा’ म्हणून अंगावर काढू नये. औषध द्यावं आणि किती ताप होता, औषध किती वाजता दिलं हे लिहून ठेवावं.

व्हिडिओसाठी

इथे तयारी जास्त लागते, कारण एरवी दवाखान्यात होणारी मोजमापं आपल्यालाच करायची असतात. वजन, ताप आणि नाडी यांच्यासोबत श्वासही मोजावा. पूर्ण एक मिनिट, आणि शक्यतो त्या माणसाच्या नकळत. लक्ष गेलं की श्वासाची गती बदलते. विश्रांतीत प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ताप तोंडात मोजायचा असेल तर गरम-थंड पिऊन अर्धा तास जाऊ द्यावा. ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याला गार बोटं आणि नेलपॉलिश चालत नाही, आणि गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो.

रक्तदाबासाठी एकच आकडा कामाचा नाही. अर्धा तास आधीपासून चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम बंद. पाठ टेकून, पावलं जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसावं. दंड हृदयाच्या पातळीवर टेकवावा आणि मोजताना बोलू नये. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस मोजावं, आणि पहिला दिवस सोडून सरासरी काढावी. दंडाला लहान पडणारा पट्टा आकडा फुगवून दाखवतो, आणि मग नको ती गोळी वाढते. दवाखान्यात १४०/९० ही मर्यादा धरली जाते, तिथे घरच्या सरासरीसाठी सहसा १३५/८५ धरतात, हेही लक्षात असावं.

पुरळाचे फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढावेत: एक लांबून, जागा कळेल असा, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. ते कॉलच्या आधीच पाठवावेत, कारण चालू व्हिडिओत रंग आणि बारकावे हरवतात. बसताना खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. पाठीमागे असली तर चेहरा काळा दिसतो आणि फिकेपणा किंवा कावीळ कळत नाही. खोलीत आणखी कोणी असेल तर डॉक्टरांना सांगावं, आणि खासगी बोलायचं असेल तर त्या व्यक्तीला बाहेर जायला सांगावं. कॉल तुटला तर परत कोण लावणार, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावं.

दवाखान्यात उठता उठता राहिलेला प्रश्न विचारता येतो, व्हिडिओ मात्र एका क्षणात बंद होतो. म्हणून फोन ठेवण्याआधी कोणती गोळी, किती दिवस, कशासाठी, हे आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगावं आणि दोन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: किती दिवसांत बरं वाटायला हवं, आणि काय झालं तर त्याआधीच समक्ष यायचं.