लांब ख्याल, कीर्तन ऐकायला काय घ्यावं: बटणाचा प्लेअर की सिम काढलेला जुना फोन?

बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याकडे निघालात की चोर्ला घाटात रेंज येते-जाते. तिथं ऑनलाइन गाण्यांचा भरवसा नाही, मेमरी कार्ड गाण्यांनी भरूनच न्यावं लागतं. तीन-चार मिनिटांची गाणी ऐकणाऱ्याला कुठलंही यंत्र चालेल. पण कुमार गंधर्वांच्या सुळेभावीपासून मल्लिकार्जुन मन्सूरांच्या धारवाडपर्यंतच्या या पट्ट्यात चाळीस मिनिटांचा ख्याल किंवा दीड तासाचं कीर्तन ऐकणारे पुष्कळ. हा आढावा त्यांच्यासाठी.

बटणाचा प्लेअर हलका. खिशात हात घालून, न बघता पुढचं गाणं लावता येतं. आवाजात साध्या इअरफोनवर फारसा फरक कळू नये.

त्रास गाण्यांच्या क्रमापासून सुरू होतो. स्वस्त प्लेअर बहुधा नावाप्रमाणे नव्हे, कार्डावर फायली ज्या क्रमानं भरल्या त्या क्रमानं वाजवतात. एक गाणं पुसून दुसरं टाकलं की ते पुसलेल्याच्या जागी, मध्येच उगवतं. उपाय आहे: कार्ड फॅट३२ मध्ये (फायली साठवण्याची जुनी, बहुतेक यंत्रांना वाचता येणारी पद्धत) फॉरमॅट करा, फायलींना 01, 02 असे आकडे द्या, सगळ्या निवडून पहिली फाइल धरूनच ओढा. 64 जीबीचं कार्ड एक्सफॅट या नव्या पद्धतीत येतं, ते कित्येक प्लेअर वाचतच नाहीत. 32 जीबीचंच घ्या. 128 केबीपीएस बिटरेटनं (म्हणजे सेकंदाला 128 किलोबिट माहिती) त्यात साडेपाचशे तास मावतात, आणखी कशाला हवंय? मराठी-कन्नड नावांच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून नावं रोमन लिपीत ठेवावी लागतात.

एवढं सगळं चालवून घेता येतं. चालवून घेता येत नाही ते एकच: बंद करून पुन्हा लावला की चालू फाइल पहिल्यापासून सुरू. विलंबित संपून द्रुत लागायच्या बेतात असताना खानापूर आलं, प्लेअर बंद केला, की परतीच्या वाटेवर पुन्हा आलापीपासून. बटण दाबून पुढं न्यावं, तर बदलत्या बिटरेटच्या फायलीत भलतीकडेच जातो. फायली ठरावीक बिटरेटच्या करून घेतल्या तर उडी नीट पडते, जागा मात्र तरीही लक्षात राहत नाही. काही महाग प्लेअर ती लक्षात ठेवतात. घेण्याआधी दुकानातच फाइल मध्येच थांबवून, प्लेअर पूर्ण बंद करून पुन्हा लावून बघा. आयपॉडमध्ये ही सोय होती, पण ॲपलनं 2022 मध्ये तो बंद केला आणि जुन्यांच्या बॅटऱ्या थकलेल्या असतात.

म्हणून माझा कल, थोडा संकोचानंच, घरात पडलेल्या जुन्या अँड्रॉइड फोनकडे आहे. कार्डाची जागा आणि इअरफोनचं भोक असलेला निवडा; पाठ फुगलेली दिसली तर तो बाजूलाच ठेवा. सिम काढा, विमान मोड लावा, म्युझिकोलेट हे गाणी वाजवायचं ॲप टाका. त्यात गाण्यांच्या वेगवेगळ्या रांगा लावता येतात आणि प्रत्येक रांग आपण कुठं थांबलो ते लक्षात ठेवते. ख्याल, कीर्तन, नाट्यगीतं अशा तीन केल्या तर एकमेकांत मिसळत नाहीत. नावं देवनागरीत नि कन्नडमध्येही नीट दिसतात. फोनच्या सेटिंगमध्ये या ॲपची बॅटरी-बचत मात्र बंद करा, नाहीतर स्क्रीन विझल्यावर फोन गाणं मध्येच मारतो.

फोन जड आहे, आणि आपल्याकडच्या पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. त्यासाठी वायरीवर बटण असलेला इअरफोन घ्या: एकदा दाबलं की थांबतं, दोनदा दाबलं की पुढचं.