चाळणी कोणाच्या हाती: म्यूटची सोय, इनोरीडर आणि गूगल ट्रेंड्स यांचा चार महिन्यांचा अनुभव

समाजमाध्यमांवरच्या गलक्यातून कामाचे तेवढे वेगळे काढण्यासाठी मी गेले चार महिने तीन साधने रोज वापरली: माध्यमांतच असलेली शब्द म्यूट करण्याची (म्हणजे तो शब्द असलेला मजकूर आपल्याला न दाखवण्याची) सोय, निवडलेल्या संकेतस्थळांचे नवे लेखन एका जागी आणून देणारा इनोरीडर हा फीड रीडर आणि लोक गूगलवर काय शोधतात याचा कल दाखवणारे गूगल ट्रेंड्स. वाचनासाठी ठेवलेला सकाळचा अर्धा तास अर्ध्या तासातच संपावा आणि माझ्या विषयात खरोखर काही नवे घडत असेल तर ते नजरेतून सुटू नये, एवढीच अपेक्षा होती. म्यूटने ती फार थोडी पुरी केली आणि इनोरीडरने बरीचशी. गूगल ट्रेंड्सचा उपयोग मात्र त्यातले आकडे कसे वाचायचे हे कळल्यानंतरच सुरू झाला.

एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) एखादा शब्द २४ तास, ७ दिवस, ३० दिवस किंवा कायमचा म्यूट करता येतो आणि त्याबरोबर त्या शब्दाचा हॅशटॅगही दिसेनासा होतो. मुदतीची ही सोय मला मनापासून आवडली, कारण एखाद्या सामन्याचा किंवा पुरस्कार सोहळ्याचा धुरळा आठवडाभरात आपोआप खाली बसतो. खरी अडचण मराठीच्या घडणीत आहे. इथे शब्द प्रत्यय लागताच रूप बदलतो, त्यामुळे ‘निवडणूक’ अडवली तरी ‘निवडणुकीत’, ‘निवडणुकांचा’ आणि ‘निवडणुकीनंतर’ ही मंडळी मागच्या दाराने आत येतात. मॅस्टोडॉन या एक्ससारख्याच समाजमाध्यमाच्या फिल्टरमध्ये ‘पूर्ण शब्द’ जुळवण्याचा पर्याय काढून टाकता येतो, म्हणून मी तिथे नुसते ‘निवडण’ एवढेच लिहून पाहिले. निवडणुकीची सगळी रूपे अडली खरी, पण त्यांच्याबरोबर ‘पुस्तके निवडणे’ आणि ‘योग्य बियाणे निवडणारा’ हेही अडकले. नशिबाने तिथे मजकूर पूर्ण गाळण्याऐवजी इशारा देऊन झाकण्याची सोय असल्याने अडकलेले डोळ्यांखालून घालता आले. शिवाय नुसत्या चिडचिडीने लिहिलेल्या मजकुराला ठरावीक शब्द नसतो. तो कोणत्याही शब्दांत येतो आणि कोणत्याही यादीतून निसटतो.

नको ते अडवण्यापेक्षा हवे तेवढेच बोलावणे सोपे आहे, हे इनोरीडर वापरताना लक्षात आले. २०१३ साली सुरू झालेला हा रीडर आरएसएस या जुन्या, खुल्या पद्धतीवर चालतो: आपण स्रोत निवडायचे आणि त्यांचे नवे लेखन तारखेच्या क्रमाने समोर येते, कोणते वर दाखवायचे हे मधला कोणी ठरवत नाही. यूट्यूबचे चॅनेल आणि रेडिटवरचे विषयगट त्यात जोडता येतात आणि मॅस्टोडॉनवरच्या सार्वजनिक खात्याच्या पत्त्यापुढे ‘डॉट आरएसएस’ लिहिले की त्याचाही फीड तयार होतो. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्स मात्र स्वतःहून असा फीड देत नाहीत, आणि हा या साधनाचा मोठा तोटा आहे. गाळण्याचे नियम मनासारखे वापरायचे तर सशुल्क योजना घ्यावी लागते. माझा मात्र विनाशुल्क योजनेत महिनाभर सुखाने निभाव लागला, कारण तोवर मी स्रोतच अर्ध्यावर आणले होते.

दरम्यान, दिवसभराच्या चर्चेचा कृत्रिम बुद्धिमत्तेने सारांश देणारे एक ॲपही मी दोन आठवडे चालवून पाहिले. ‘या विषयावर पाच जाणकार बोलत आहेत’ असे त्याने एके दिवशी ठासून सांगितले. मुळापर्यंत गेलो तेव्हा पाचही जणांनी एकाच माणसाचा मजकूर जवळजवळ शब्दशः उचललेला निघाला. सारांश सुबक होता, पण एका आवाजाचे पाच करून दाखवणारे साधन कल ओळखण्याच्या कामाचे नाही, म्हणून ते त्याच दिवशी काढून टाकले.

गूगल ट्रेंड्स शोधांची प्रत्यक्ष संख्या सांगत नाही, हे आधी मनात पक्के करावे लागते. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात त्या शब्दाचा एकूण शोधांतला वाटा जेव्हा सर्वाधिक होता, त्या क्षणाला १०० धरून बाकीचे आकडे त्याच्या प्रमाणात मांडलेले असतात. म्हणूनच ‘सर्दी’ हा शब्द ७ दिवसांच्या आलेखात कड्यासारखा उभा चढू शकतो आणि तोच ५ वर्षांच्या आलेखात दरवर्षी ठरल्या वेळी येणारी लाट म्हणून दिसतो. मी आता कोणताही शब्द आधी ५ वर्षांवर आणि मगच ७ दिवसांवर पाहतो. उलट क्रमाने पाहिले की उगाच हुरळून जायला होते. संबंधित शोधांपुढे लागणाऱ्या ‘ब्रेकआउट’ या शिक्क्याचा अर्थ ५००० टक्क्यांहून अधिक वाढ असा आहे, परंतु आधी तो शब्द जवळजवळ कोणीच शोधत नसेल तर मूठभर माणसेही हा शिक्का मिळवून देतात. आकडे नमुन्यावरून काढलेले असल्यामुळे तोच शोध दुसऱ्या दिवशी किंचित वेगळा दिसतो, तेव्हा दोन-चार अंकांच्या फरकावर निष्कर्ष बांधू नये.

इनोरीडरमध्ये एखादा नवा शब्द एकमेकांची नक्कल न करणाऱ्या तीन स्रोतांकडून आला, तरच मी तो ट्रेंड्समध्ये टाकून पाहतो. चार महिन्यांत असे अकरा शब्द निघाले आणि त्यांतले चार माझ्या कामाला आले.

कोणतेही साधन उचलण्यापूर्वी त्यातून आपला ऐवज बाहेर काढता येतो का, हे तपासावे. गूगल रीडर हा गूगलचा फीड रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला आणि फेसबुकवर काय पसरते आहे हे दाखवणारे क्राउडटँगल मेटाने १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केले. ट्विटरचे अनेक रकाने एकत्र दाखवणारे ट्वीटडेक तर २०२३ मध्ये सशुल्क झाले. इनोरीडर सगळ्या स्रोतांची यादी ओपीएमएल फाइलमध्ये देतो आणि ती फाइल दुसऱ्या फीड रीडरमध्येही उघडते. मी ती दर महिन्याच्या एक तारखेला उतरवून ठेवतो. सध्या तिच्यात ८६ स्रोत आहेत, आणि पुढच्या खेपेस त्यांतले वीसेक तरी गळतील अशी चिन्हे आहेत.