टेबल सॉचं (टेबलातून वर येणाऱ्या गोल करवतीचं) ब्लेड खाचेला समांतर करायला गुण्या की डायल गेज (काट्यावर बारीक अंतर दाखवणारं मापक)?

दोन्हींत मोजायचं एकच: मायटरच्या खाचेपासून (टेबलावर ब्लेडशेजारी असलेली लांब खाच) ब्लेडचं अंतर पुढे आणि मागे सारखं आहे का. आधी प्लग काढा, ब्लेड पूर्ण वर घ्या आणि एका दात्यावर मार्करने खूण करा. पुढे-मागे मोजताना तोच दाता फिरवून आणायचा. वेगवेगळे दाते धरले तर ब्लेडचा वाकही मापात मिसळतो.

सरकत्या पट्टीचा गुण्या खाचेच्या कडेला टेकवून पट्टी दात्याला नुसती लागेल इतकी सरकवा, स्क्रू आवळा, मग मागे तपासा. फट दिसली तर फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पानं) घाला. ०.१० मिमीचं पान सहज जात असेल तर दुरुस्ती हवी. खर्च जवळपास नाही. पण किती जोरात टेकवलं यावर माप बदलतं.

डायल गेज ०.०१ मिमी दाखवतो. खरा फायदा मात्र वेगळा: दुरुस्तीनंतर बोल्ट आवळताना टेबल किंवा ट्रनियन (ब्लेड धरणारा टेबलाखालचा भाग) हलतो, ते काट्यावर लगेच दिसतं. गुण्याने हे कळायला पुन्हा सगळं मोजावं लागतं. गेज ज्यावर बसवला ती पट्टी खाचेत ढिली असेल तर आकडे खोटे येतात, म्हणून ती एकाच कडेला दाबून सरकवा.

वर्षातून एकदा तपासायला गुण्या पुरे. बोल्ट सोडायचेच असतील तर गेज घ्या. फेन्स (लाकूड ज्याला टेकवून सरकवतात तो आधार) त्यानंतरच लावा. मागच्या टोकाला तो ब्लेडकडे झुकला तर लाकूड जळतं, उलट अंगावरही येतं.