फुकटचा डेटा, पण सोन्याचा: आयएचडीएस

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात माझ्या हाती लागलेली सर्वांत कामाची वस्तू कोणती, तर ‘इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे’चा (आयएचडीएस) डेटा. दिल्लीची आर्थिक संशोधन संस्था एनसीएईआर आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी मिळून केलेलं, देशभरातल्या घरांचं हे सर्वेक्षण. पहिली फेरी 2004-05 ची. दुसरी 2011-12 ची, त्यात 42,152 घरं, आणि पहिल्या फेरीतली बहुतेक घरं पुन्हा गाठलेली. नोंदणी करा, उतरवून घ्या, पैसे शून्य.

सामाजिक एकात्मता मोजायची म्हणजे नक्की काय मोजायचं, यावर आमचे सर दोन वर्षं माझं डोकं खात होते. इथे उत्तर प्रश्नावलीतच सापडतं. घरात कोणी शिवाशिव पाळतं का? ‘नाही’ म्हणालात तर लगेच पुढचा प्रश्न: अनुसूचित जातीचं माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आलं, तुमची भांडी वापरली, तर चालेल का? दुसऱ्या फेरीत सुमारे 27 टक्के घरं यात कुठे ना कुठे अडकली. तो आकडा पाहिला आणि आजीच्या घरी मागच्या दारी कोनाड्यात उपडा ठेवलेला कप आठवला. आम्हीही विचारलं असतं तर ‘नाही’च म्हणालो असतो.

ओळखीपाळखीचे प्रश्नही झकास: डॉक्टर, शिक्षक, सरकारी अधिकारी ओळखीचे आहेत का, आपल्या जातीतले की बाहेरचे.

नवख्यांनी कोडबुक, म्हणजे डेटातल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी पुस्तिका, आधी वाचावं. आणि वेट्स (नमुन्यातलं प्रत्येक घर देशातल्या किती घरांच्या वतीने बोलतं ते सांगणारे आकडे) लावा हो! मी विसरले, प्रबंधातल्या अख्ख्या प्रकरणाचं विश्लेषण पुन्हा चालवलं.