बाराखडी आधी की अक्षरगट? पहिलीच्या वर्गासाठी तुलना

जूनमध्ये पहिलीचा वर्ग हाती आला की दोन वाटा समोर असतात. ओळखीची वाट म्हणजे अ ते ज्ञ पाठ, मग बाराखडी, मग शब्द. दुसरी अक्षरगटाची: पाच-सहा अक्षरे आणि एखादी मात्रा (काना, वेलांटी अशी स्वराची खूण) घ्यायची, तेवढ्यातूनच शब्द आणि वाक्ये वाचायची, मग पुढचा गट. आमचा कौल अक्षरगटाला आहे.

बाराखडी टिकून आहे ती उगाच नाही. तक्ता एकच लागतो, घरी आजीसुद्धा घोकून घेऊ शकते आणि भरलेली वही पालकांना दिसते. पण 34 व्यंजने गुणिले 12 म्हणजे चारशेच्या वर आकार, आणि वाचण्याजोगे पहिले वाक्य यायला बहुधा दिवाळी उलटते. 'धू'वर बोट ठेवा. मूल 'ध, धा, धि, धी' म्हणत तिथवर चढत येते. चाल पाठ झालेली असते, अक्षर ओळखता येत नसते. शिवाय ट-ठ, ड-ढ या दिसायलाही जवळच्या आणि ऐकायलाही जवळच्या जोड्या वर्णमालेत नेमक्या लागोपाठ येतात.

अक्षरगटात पहिला गट असा घेता येतो: क, म, ल, न, र, आ आणि काना. यातून कान, नाक, मका, रान, कमान निघतात आणि 'मामा काल कामाला आला' हे पूर्ण वाक्यही. तासाची विभागणी साधारण अशी: 10 मिनिटे नुसते आवाजाचे खेळ ('नाक'मधला शेवटचा आवाज कोणता?), 15 मिनिटे अक्षरपट्ट्या, 10 मिनिटे वाचन, 5 मिनिटे श्रुतलेखन. घ-ध, भ-म, प-ष या जोड्या वेगवेगळ्या गटांत टाकाव्यात. दुसरी वेलांटी आधी घ्यावी, पहिली नंतर, कारण 'कि'मध्ये खूण आधी दिसते आणि आवाज मागून येतो. रफार तर शेवटीच: 'सूर्य'मधला र ऐकू येतो य-च्या आधी, बसतो त्याच्या डोक्यावर.

गट फसतो तो बहुतेक वेळा घाईमुळे. नव्या गटाच्या शब्दांत जुनी अक्षरे आलीच पाहिजेत, नाहीतर ऑगस्टपर्यंत पहिला गट पुसला जातो. साहित्य स्वतः बनवावे लागते, आणि वर्षाच्या मध्येच ऊसतोडीहून किंवा वीटभट्टीवरून परतलेल्या मुलाला पहिल्या गटापासून वेगळे बसवावे लागते. बाराखडीत ही अडचण कमी जाणवते, हे मान्य. तक्ता ठेवाच, पण साऱ्या मात्रा होऊन गेल्यावर, उजळणीला.

नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्यात घरी कोकणा, बागलाणात अहिराणी बोलली जाते. तिथे गटातले शब्द मुलांच्या कानावरचे आहेत का, ते आधी बोलून पाहावे. अनोळखी शब्द मूल अक्षरे जुळवून बरोबर उच्चारते, पण त्यातून हाती काही लागत नाही.

सेमी-इंग्रजी वर्गात फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून इंग्रजी वाचायला शिकवण्याच्या पद्धतीचा, प्रश्न येतोच. एस, ए, टी, आय, पी, एन या अक्षरांनी सुरुवात ठीक आहे. मराठी जीभ मात्र प्रत्येक व्यंजनामागे 'अ' लावते. त्यामुळे 'पिन'चे आवाज जोडताना 'प-इ-न' असे पूर्ण अक्षरी म्हटले जाते आणि शब्द जुळत नाही. आवाज तुटका, पाय मोडून म्हणावा. दोन लिप्या एकाच महिन्यात सुरू करू नयेत. मराठीत लहान वाक्ये येईपर्यंत इंग्रजी तोंडीच ठेवलेली बरी.

वाचनाची गोडी यातल्या कुठल्याच पद्धतीतून आपोआप येत नाही. त्यासाठी पहिल्या दिवसापासून रोज 15 मिनिटे शिक्षकाने गोष्ट वाचून दाखवावी आणि तिच्यावर प्रश्नपत्रिका काढू नये! पुस्तके कपाटात कुलूपबंद नकोत. दोरीवर, मुलांच्या हाताच्या उंचीवर, मुखपृष्ठ दिसेल अशी टांगावीत. नाशिक शहरात सार्वजनिक वाचनालय 1840पासून आहे. पाड्यावरच्या शाळेत मात्र 30-40 पातळ पुस्तकांची पेटी हाच आधार. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्यांचे चार स्तर आहेत. पहिला स्तर या वर्गाला पुरतो.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरता अभियानात दुसरीअखेर मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचण्याचे लक्ष्य आहे. घड्याळ मात्र पहिलीत लावू नये. तिथे तपासायचे ते इतकेच: पट्ट्या उलटसुलट मांडल्यावर अक्षर ओळखले का, आणि वाचलेले वाक्य मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितले का.